होम थिएटरचं सेटिंग: आधी सोफा, मग माइक, आकडे सगळ्यात शेवटी

इंदूरच्या आपल्या मराठी घरांमधून होम थिएटरबद्दल एकच तक्रार फिरून फिरून कानावर येते: "धमाके जोरात होतात, गाणी छान वाजतात, पण माणसं काय बोलतात ते कळत नाही." बघायला गेलं की चित्रही ठरलेलं असतं. सेंटर स्पीकर मेनूतून पाच डेसिबल वर चढवलेला, सबवूफरचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं, मागचे दोन स्पीकर छताला टेकलेले आणि सोफा भिंतीला चिकटलेला. आकडे दहा वेळा बदलून झालेले असतात. सोफा कोणी हलवलेला नसतो.

इथे दिलेला क्रम मोडू नका, कारण पुढची प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर उभी आहे. लेख ५.१ व्यवस्थेसाठी आहे: पुढे डावा, उजवा आणि मधला सेंटर, बाजूला दोन सराउंड आणि खालच्या सुरांचा (बासचा) एक सबवूफर, सगळे एव्ही रिसीव्हरला, म्हणजे आवाज घेऊन स्पीकरांना वाटून देणाऱ्या यंत्राला, जोडलेले. ७.१ किंवा छतावरचे ॲटमॉसचे स्पीकर असले तरी क्रम हाच राहतो. तुमचा संच डब्यात एकत्र मिळालेला, मोजणीचा माइक नसलेला असेल तर सहावी पायरी गाळा आणि सातव्या-आठव्या पायरीचं काम हाताने करा.

## तयारी

मोजायची टेप, मास्किंग टेप, जाड दोरा, टॉर्च, वायर सोलायचं पक्कड, पेन्सिल सेल, मोबाइलचा ट्रायपॉड, रिसीव्हरबरोबर आलेला माइक आणि एक वही. आवाज मोजायचा मीटर असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलवरचं ॲप चालेल. ॲपचा आकडा खरा असेलच असं नाही, पण एका स्पीकरची दुसऱ्याशी तुलना करायला तेवढं पुरतं. सबवूफरसाठी मात्र मोबाइलवर विसंबू नका. त्याच्या माइकला खालचे सूर नीट पकडता येत नाहीत.

वेळेची निवड ही पण तयारीच. मे महिन्यात खिडकीतला कूलर चालू ठेवून मोजमाप केलं तर माइक स्पीकरबरोबर कूलरही मोजतो. कूलर, पंखा, एसी, मिक्सर बंद. फ्रिज त्याच खोलीत असेल तर तेवढ्यापुरता तोही. सकाळी कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत येते, ती वेळ टाळा. रात्री साडेनऊ-दहाच्या सुमाराला रहदारी कमी झाली की बसा, पण टेस्ट टोनचा, म्हणजे मोजमापासाठी स्पीकरमधून निघणारा, आवाज मोठा असतो, म्हणून शेजारी आधी सांगून ठेवा. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या (चित्ररथांच्या) रात्री किंवा रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, दिवशी राजवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांनी हा नादच करू नये.

## पायरी १: बसायची जागा ठरवा

स्पीकरच्या आधी सोफा. मुख्य श्रोत्याचं डोकं कुठे असणार ते ठरवा आणि त्या जागी फरशीवर मास्किंग टेपची फुली मारा. यापुढची सगळी मापं या फुलीपासून.

सोफा मागच्या भिंतीला टेकवू नका. भिंतीलगत बास फुगतो, आणि सराउंडला कानामागे यायला जागाच उरत नाही. खोलीच्या बरोबर मध्यावरही बसू नका, तिथे बास गळतो. कारण सोपं आहे: समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक सूर घुमतात. १२ फूट अंतरात हा सूर साधारण ४७ हर्ट्झचा, १५ फुटांत ३७-३८ हर्ट्झचा. भिंतीजवळ तो जास्तीत जास्त ऐकू येतो, मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. लांबी १५ फूट असेल तर मागच्या भिंतीपासून पाच फूट पुढे बसणं चांगलं. तेवढं जमत नसेल तर निदान दीड-दोन फूट तरी पुढे या. लांबी-रुंदी सारखी असलेली खोली सगळ्यात त्रासाची, कारण दोन्ही दिशांना तोच सूर घुमतो. तिथे सोफ्याची जागा फूट-दीड फूट मागेपुढे करून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग फुलीवर उभं राहून एक टाळी वाजवा. कोटा स्टोनची किंवा ग्रॅनाइटची फरशी, उघड्या भिंती, काचेचं शोकेस असलेल्या हॉलमध्ये टाळीमागून टण्ण असा धातूसारखा आवाज येतो. तो येत असेल तर बोलणं कधीच स्वच्छ येणार नाही, रिसीव्हर कितीही महागाचा असो. सोफा आणि टीव्ही यांच्यामध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा, खिडक्यांना जाड पडदे, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

तपासा: सतरंजी, पडदे, टीपॉय रोज जिथे असतात तिथेच आत्ताही आहेत ना? सेटिंगच्या दिवशी खोली झाडूनपुसून मोकळी केलीत तर मोजमाप रिकाम्या खोलीचं होतं आणि सिनेमा भरलेल्या खोलीत बघितला जातो.

## पायरी २: स्पीकर जागेवर

पुढचे डावे-उजवे दोराच ठरवेल. फुलीपासून डाव्या स्पीकरपर्यंत दोरा ताणा. तेवढाच दोरा फुलीपासून उजव्यापर्यंत, आणि तेवढाच डाव्यापासून उजव्यापर्यंत. तिन्ही बाजू सारख्या झाल्या की दोन्ही स्पीकर मधल्या रेषेपासून ३०-३० अंशांवर आले. टीव्हीच्या युनिटमुळे थोडं आत घ्यावं लागलं तरी चालेल, २२ अंशांपर्यंत हरकत नाही. ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यायला हवा. सोफ्यावर ही उंची साधारण ३६ ते ४० इंच भरते. एकदा टेपने मोजाच, दिवाणावर बसणाऱ्यांची वेगळी निघते.

सेंटर स्पीकरवर जरा थांबा. सिनेमातलं बहुतेक बोलणं याच एका स्पीकरमधून येतं आणि सगळ्यात जास्त हाल त्याचेच होतात. टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकललेला, पुढे सेट टॉप बॉक्स, वर लेसचा रुमाल, शेजारी गणपतीची मूर्ती. आवाज कप्प्यात घुमतो आणि शब्द गोल होऊन बाहेर पडतात. स्पीकरचं तोंड कप्प्याच्या काठाला किंवा काठाच्या जरा पुढे आणा. टीव्हीखाली असेल तर पुढची बाजू खोडरबर किंवा रबरी बुटांवर थोडी उचला, म्हणजे तोंड तुमच्या गुडघ्यांऐवजी चेहऱ्याकडे होईल. अंधारात फुलीवर बसून स्पीकरच्या दिशेने टॉर्च मारा: स्पीकरच्या जाळीचा जेवढा भाग उजळेल तेवढाच तुमच्याकडे बघतोय.

आता सराउंड. बांधकामाच्या वेळी इलेक्ट्रिशियन मागच्या दोन कोपऱ्यांत, छताच्या खाली एक फुटावर, वायर काढून ठेवतो आणि पुढे सगळं आयुष्य स्पीकर तिथेच लटकतात. ५.१ मध्ये सराउंडची जागा बाजूला, किंचित मागे आहे: समोरची सरळ दिशा शून्य धरली तर ११० ते १२० अंशांवर. फरशीवर हे मोजायला कोनमापक नको. फुलीपासून सरळ बाजूला पाच फूट जा, तिथून मागे पावणेदोन फूट, झाले ११०. उंची बसलेल्या कानाच्या एक ते दोन फूट वर. भिंतीत खिडकी किंवा दार येत असेल तर स्टँडवर ठेवा. वायर पट्टीखालून आणावी लागेल, आणा.

७.१ असेल तर बाजूचे दोन ९० ते ११० अंशांवर आणि मागचे दोन १३५ ते १५० वर. मागे चार फूटसुद्धा जागा नसेल तर मागच्या जोडीचा हट्ट सोडा. नीट बसवलेलं ५.१ कोंबलेल्या ७.१ पेक्षा चांगलं वाजतं.

## पायरी ३: वायर

दहा मीटरपर्यंतच्या अंतराला दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. अंतर जास्त असेल किंवा स्पीकर ४ ओहमचे असतील तर अडीचची घ्या. जेल रोडच्या बाजारातून घ्या नाहीतर घराजवळून, विकत घेण्याआधी एक बारीक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ते ॲल्युमिनियम आहे, वरून तांब्याचा नुसता मुलामा. तसली वायर घ्यायचीच असेल तर एक माप जाड घ्या.

लालला लाल, काळ्याला काळं, रिसीव्हरकडे आणि स्पीकरकडे दोन्ही टोकांना. एकाच स्पीकरची टोकं उलटली तर तो वाजतो, अगदी मोठ्याने वाजतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण त्याचा पडदा बाकीचे बाहेर येताना आत जातो, मग बास पातळ होतो आणि आवाज नेमका कुठून येतोय ते कळेनासं होतं. भिंतीतून आलेली वायर कोणत्या टोकाची आहे याची शंका असेल तर रिसीव्हरकडून वायर काढा आणि त्या टोकाला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. सेलच्या धन टोकाला लाल वायर असेल तर वूफरचा पडदा बाहेर उडी मारतो. आत गेला तर टोकं उलटी आहेत. एकाने सेल टेकवायचा, दुसऱ्याने जाळी काढून टॉर्चने बघायचं.

सावधान: वायर जोडताना रिसीव्हरचा प्लग भिंतीतून काढलेला हवा. सोललेल्या तारेचा एक केस जरी शेजारच्या टोकाला लागला तरी रिसीव्हर संरक्षणासाठी आपोआप बंद पडतो, नशीब वाईट असेल तर ॲम्प्लिफायर जातो.

सावधान: स्पीकरची वायर घरच्या विजेच्या वायरबरोबर एकाच पाइपातून नेऊ नका. गुणगुण ऐकू येते हे एक, आणि धोका आहे हे दुसरं.

सबवूफरमधून सतत घूं असा आवाज येत असेल तर आधी केबल टीव्हीची किंवा डिशची वायर सेट टॉप बॉक्समधून काढून बघा. आवाज थांबला तर दोष दोन ठिकाणच्या अर्थिंगचा आहे. टीव्ही, रिसीव्हर, सबवूफर एकाच बोर्डावर घ्या. तीन पिनांतली अर्थिंगची पिन तोडून "गुणगुण घालवली" असं कोणी सांगितलं तर त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या.

## पायरी ४: टीव्हीला पूर्ण आवाज पाठवायला सांगा

मागचे स्पीकर गप्प असण्याचं कारण निम्म्या वेळा स्पीकर नसतातच, टीव्ही असतो. टीव्हीच्या आवाजाच्या मेनूत डिजिटल आउटपुटसाठी पीसीएम, बिटस्ट्रीम, ऑटो किंवा पासथ्रू असे पर्याय दिसतात. साध्या एआरसीवर (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने रिसीव्हरकडे पाठवायची सोय) पीसीएम निवडलं की रिसीव्हरला दोनच चॅनेल पोहोचतात. पासथ्रू असेल तर ते निवडा, नसेल तर बिटस्ट्रीम किंवा ऑटो. एचडीएमआय केबल टीव्हीच्या ज्या खोबणीवर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलंय तिथेच हवी, आणि दोन्ही यंत्रांत एचडीएमआय कंट्रोल चालू. ऑप्टिकल केबलवरून साधं डॉल्बी डिजिटल ५.१ जातं, पण ओटीटीवाले सहसा वापरतात ते डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही. सेट टॉप बॉक्सच्या स्वतःच्या मेनूतही डॉल्बी निवडावं लागतं, ते बहुतेकांचं राहून जातं.

तपासा: ५.१ चं चिन्ह असलेला कार्यक्रम लावा आणि रिसीव्हरवरचं इन्फो किंवा स्टेटस बटण दाबा. आत येणारे चॅनेल तिथे दिसतात. दोनच दिसत असतील तर पुढच्या पायरीवर जाऊ नका.

बातम्या, मालिका, जुनी गाणी मुळातच दोन चॅनेलची असतात. त्यांच्यासाठी डॉल्बी सराउंड किंवा डीटीएस न्यूरल एक्स हा मोड वापरा. "ऑल चॅनेल स्टिरिओ" मोडमध्ये सगळे स्पीकर तेच वाजवतात. सत्यनारायणाला भजनं लावायला तो ठीक आहे, सिनेमाला नाही.

## पायरी ५: सबवूफरची जागा आणि त्याची बटणं

सबवूफर जिथे जागा मिळाली तिथे ठेवायची वस्तू नाही. त्याला कोपऱ्यात कोंबलं की आवाज सगळ्यात मोठा होतो, आणि सगळ्यात गढूळही. जागा शोधायची खात्रीची रीत अशी: सबवूफर उचलून सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा. ज्यात बासचे वेगवेगळे सूर स्पष्ट येतात अशी चाल लावा, पखवाज किंवा बास गिटार चालेल. मग गुडघ्यांवर रांगत भिंतीच्या कडेकडेने फिरा, कान सबवूफरच्या उंचीला ठेवून. एका ठिकाणी नुसतं घुम्म ऐकू येईल, दोन फूट पुढे काहीच नाही, आणखी पुढे प्रत्येक ठोका सुटा. जिथे सुटा ऐकू येतो तिथे टेप लावा. सबवूफर तिथे जाईल. घरचे हसतील, पण मेनूतल्या कोणत्याही आकड्याने एवढा फरक पडत नाही.

रो हाऊस असेल आणि भिंत शेजाऱ्यांबरोबर सामाईक असेल तर ती बाजू सोडून बाकीच्या जागांतून निवडा. पायांखाली जाड रबर घातलं तर फरशीतून जाणारी थरथर थोडी कमी होते. भिंतीपलीकडे जाणारा बास मात्र त्याने अडत नाही.

बटणं अशी लावा. क्रॉसओव्हर, म्हणजे कुठपर्यंतचे सूर सबवूफरने वाजवायचे ती सीमा, एलएफई (सिनेमातला बासचा वेगळा चॅनेल) किंवा बायपासवर, तसा पर्याय नसेल तर घुंडी कमाल आकड्यावर. चाळण लावायचं काम रिसीव्हर करणार आहे, दोघांनी एकच काम केलं तर मधले सूर गायब होतात. फेज, म्हणजे बाकीच्या स्पीकरांच्या मानाने पडद्याच्या हालचालीचा ताळ, शून्यावर. ऑटो स्टँडबाय सध्या बंद, नाहीतर मोजणी चालू असताना तो झोपतो. व्हॉल्यूमची घुंडी मध्याच्या जरा खाली.

## पायरी ६: माइकने मोजणी

डेनॉन-मरँट्झमध्ये ऑडिसी, यामाहात वायपीएओ, नावं वेगळी, काम एकच: स्पीकर आवाज काढतात, माइक ऐकतो, रिसीव्हर अंतर, पातळी आणि सुधारणा ठरवतो.

माइक ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला, तोंड छताकडे. हातात धरू नका, उशीवर ठेवू नका, सोफ्याच्या पाठीवर चिकटवू नका. पाठ उंच असेल तर माइक तिच्यापासून थोडा पुढे आणि वर, नाहीतर मागचे स्पीकर पाठीआड लपतात. पहिली जागा बरोबर फुलीवर, कारण अंतरं त्या मोजणीवरून ठरतात. बाकीच्या जागा तिच्या दोन्ही बाजूंना फूट-दीड फुटांवर आणि थोड्या पुढे. सोफ्याच्या टोकाला किंवा भिंतीलगतच्या खुर्चीवर माइक नेऊ नका. तिथे काकू बसत असल्या तरी. तिथलं फुगलेलं बास धरून रिसीव्हर सगळ्यांचा बास कापतो.

मोजणी चालू असताना खोलीत बोलायचं नाही, शक्य तर दाराबाहेर जायचं. मधेच प्रेशर कुकरची शिट्टी झाली तर ती जागा पुन्हा मोजा.

तपासा: निकालात सबवूफरची पातळी उणे १२ किंवा जिथे यादी संपते त्या टोकाला गेलीय का? गेली असेल तर रिसीव्हरला आणखी खाली जायचं होतं आणि जागा संपली. सबवूफरची घुंडी थोडी खाली करून मोजणी पुन्हा. आकडा शून्याच्या आसपास किंवा त्याच्या थोडा खाली आला की पुरे.

तपासा: "फेज उलटी" असा इशारा आला तर त्या स्पीकरच्या वायरी बघा. वायरी बरोबर असतील तर इशारा दुर्लक्षून पुढे जा, काही स्पीकर बनावटीमुळेच असे वाचले जातात.

## पायरी ७: मोजणीनंतर मेनू वाचा

इथे बहुतेक लोक थांबतात आणि इथेच सगळ्यात जास्त चुका शिल्लक राहतात.

आकार. मेनूत लार्ज-स्मॉल असं दिसतं ते स्पीकरच्या उंचीबद्दल नाही. स्मॉल म्हणजे "याचे खालचे सूर सबवूफरकडे पाठव". सबवूफर असेल तर सगळे स्पीकर स्मॉल करा, चार फुटी टॉवरसुद्धा. रिसीव्हरने त्यांना लार्ज लावलं असलं तरी बदला.

क्रॉसओव्हर. पाच-सहा इंची वूफर असलेल्या बुकशेल्फ (फळीवर ठेवायच्या) स्पीकरला आणि उभ्या टॉवरला ८० हर्ट्झपासून सुरुवात करा. तीन इंची छोट्या सॅटेलाइटना १२० किंवा १५०. रिसीव्हरने काढलेला आकडा वाढवायला हरकत नाही, कमी करू नका. ४० लावलं म्हणून छोटा स्पीकर ४० वाजवत नाही, फक्त मधला पट्टा रिकामा राहतो. क्रॉसओव्हर १२० च्या वर गेला तर सबवूफर कुठे आहे ते कानाला कळायला लागतं, तेव्हा तो पुढच्या दोन स्पीकरच्या जवळपासच ठेवा.

एलएफईचा लो पास १२० वर. सिनेमातला वेगळा बासचा चॅनेल तिथपर्यंतच असतो. हा आकडा आणि वरचा क्रॉसओव्हर एकच समजून दोन्ही ८० करणारे बरेच भेटतात.

सबवूफर मोड एलएफई. एलएफई प्लस मेन केलं तर तोच बास दोन ठिकाणांहून वाजतो आणि फुगतो.

अंतर. टेपने मोजून ताडून बघा. स्पीकरचं अंतर अर्ध्या फुटाने वेगळं असेल तर सोडा, तीन फुटांनी असेल तर मोजणीत काहीतरी बिघडलं. सबवूफर याला अपवाद आहे. टेपवर ९ फूट आणि पडद्यावर १३-१४ दिसलं तर ते बरोबर असू शकतं. सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे आवाज उशिरा निघतो आणि रिसीव्हर तो उशीर अंतरात धरतो. दुरुस्त करायला जाऊ नका.

माइक नसलेल्या संचात प्रत्येक स्पीकरचं अंतर फुलीवरच्या कानाच्या जागेपासून सरळ रेषेत मोजून भरा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका फुटाला जेमतेम एक मिलिसेकंद. जवळच्या स्पीकरला रिसीव्हर तेवढं थांबवून धरतो. ओठ आणि आवाज जुळत नाहीत म्हणून हे अंतराचे आकडे हलवणाऱ्यांनी हात आवरावा. त्यासाठी लिप सिंक नावाचं वेगळं सेटिंग आहे.

## पायरी ८: पातळी

टेस्ट टोन लावा. मीटर असेल तर सी आणि स्लो यांवर, कानाच्या उंचीला, तोंड छताकडे. प्रत्येक स्पीकर फुलीवर ७५ डेसिबल दाखवेल असा आणा. काही रिसीव्हरमध्ये टोनचा आवाज ठरलेला असतो, काहींत मुख्य व्हॉल्यूम शून्य डेसिबलवर (ही पट्टीवरची मोठ्या आवाजाची ठरलेली पातळी, आवाज बंद नव्हे) न्यावा लागतो. मोबाइल वापरत असाल तर ७५ चा हट्ट नको, सगळे सारखे आले की झालं. सबवूफर कानाने किंवा मीटरने लावा, आणि काटा दोन-तीन डेसिबल डोलतच राहणार हे धरून चाला.

सराउंड जाणवत नाहीत म्हणून त्यांना वाढवायचा मोह सगळ्यांना होतो. सिनेमात सराउंडला बराच वेळ फारसं काम नसतं. पाऊस, गर्दी, मागून जाणारी गाडी, एवढंच. तुम्हाला सतत मागचा स्पीकर ऐकू येत असेल तर तो चुकीचा लागलाय.

बोलण्यासाठी सेंटर एक ते तीन डेसिबल वर नेता येतो. तीनच्या वर गरज पडली तर पायरी १ आणि २ कडे परत जा: टाळी, सतरंजी, कप्पा. आकडा पुन्हा वाढवून उपयोग नाही.

## पायरी ९: सबवूफर आणि पुढचे स्पीकर यांची सांधेजोड

क्रॉसओव्हर ८० असेल तर ८० हर्ट्झचा एकच सूर पुढच्या दोन स्पीकर आणि सबवूफरमधून वाजवा. मोबाइलवर सूर काढणारी ॲप्स फुकट मिळतात. तुम्ही फुलीवर बसा, दुसऱ्याला सबवूफरचं फेजचं बटण ० आणि १८० असं बदलायला सांगा. ज्या बाजूला सूर मोठा ऐकू येतो ती बाजू ठेवा. लहान वाटतो तिथे दोघं एकमेकांना खोडतात. घुंडी असेल तर सावकाश फिरवून सगळ्यात मोठी जागा शोधा. व्हॉल्यूम बेताचा, आणि एकच सूर दहा-पंधरा सेकंदांवर सलग वाजवू नका, स्पीकरची गुंडाळी तापते.

मग सबवूफरची पातळी कानाने दोन-तीन डेसिबल वरखाली. बास वेगळा ओळखू आला तर जास्त झाला. सिनेमा चालू असताना सबवूफर बंद केल्यावरच त्याची आठवण व्हावी, असा लावा.

## पायरी १०: रोजच्या वापराचं

सिनेमे मोठ्या आवाजासाठी मिसळलेले असतात, घरी आपण त्याच्या बरंच खाली ऐकतो. कमी आवाजात कानाला बास आणि मागचे स्पीकर आधी कमी वाटायला लागतात. ऑडिसीचं डायनॅमिक इक्यू हीच कमी भरून काढतं, ते चालू ठेवा. त्याच्याखाली ही भर किती घालायची ते ठरवणारा रेफरन्स लेव्हल ऑफसेट असतो: सिनेमाला ०, टीव्हीला १०, हल्लीच्या गाण्यांना १५. सगळ्याला ० ठेवलं की मालिकेतली सासूसुद्धा ढोल वाजवत आल्यासारखी वाटते.

मुलं झोपल्यावर नाइट मोड किंवा डायनॅमिक व्हॉल्यूम लावा. मोठा आवाज दाबतो, बारीक आवाज उचलतो, बोलणं कळतं. दिवसा आठवणीने बंद करा. "पहिल्यासारखा दणका राहिला नाही" म्हणून आलेले कितीतरी फोन या एका बटणावर सुटतात.

टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद आहेत ना, तेही बघा. दोन्ही वाजत असले तर बोलण्याला बारीक प्रतिध्वनी येतो आणि लोक सेंटरला दोष देतात.

शेवटी मेनूच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, आणि वहीत सबवूफरच्या घुंड्यांच्या जागा, सोफ्याचं भिंतीपासूनचं अंतर आणि तारीख लिहा. लाइट जाऊन आली की चांगल्या रिसीव्हरचं सेटिंग जात नाही, पण घरी आलेला भाचा दहा मिनिटांत सगळं फॅक्टरी रिसेट करू शकतो.

मोजणी पुन्हा कधी करायची? सोफा फूटभर हलला, स्पीकर किंवा सबवूफर बदलला, पडदे-गालिचा काढला किंवा नवीन घातला, तर पायरी ६ पासून पुढे. दिवाळीला हॉल रंगवताना सगळं हललं असेल तर पायरी १ पासून. फक्त टीव्ही बदलला असेल तर पायरी ४ आणि लिप सिंक, बाकी काही नाही.